बंद इंजिनाचा पंखा

विमानाचं इंजिन बंद पडलं की त्याचा पंखा थांबतो, असं बहुतेकांना वाटतं. तो थांबत नाही. विमान पुढे जात असतं, समोरून वारा येत असतो आणि त्या वाऱ्याने पंखा फिरत राहतो. इंजिन चालू असताना जो पंखा विमानाला पुढे ओढत होता, तोच आता त्याला मागे धरतो. थांबलेला पंखा जेवढा अडवेल, त्यापेक्षा असा वाऱ्यावर फिरणारा पंखा जास्त अडवतो. माझ्या नोकरीची पहिली तीन वर्षं जवळजवळ या एकाच गोष्टीत गेली.

आमची कंपनी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत होती. एका बाजूला तारा बनवायचा कारखाना, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या बादल्यांचा, आणि मधल्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सातजण. आत विमानाचं फक्त नाक होतं: दोन खुर्च्या, दोन सुकाणू, काटे, दांडे आणि समोर तीन पडदे. वैमानिक होणारी मुलंमुली खऱ्या विमानात चढण्याआधी अशा यंत्रावर शिकतात. त्याला सिम्युलेटर म्हणतात. हवेत जी चूक करून चालणार नाही, ती इथे करून घ्यायची. म्हणून हे यंत्र खऱ्या विमानासारखंच वागलं पाहिजे. सगळं ठीक असताना तसं वागणं सोपं असतं. आमचं विमान दोन इंजिनांचं होतं, आणि त्यातलं एक बंद पडल्यावर ते कसं वागेल, याचं गणित माझ्याकडे होतं.

मी शेणवे गावची. बाबा एका कारखान्याच्या टँकरवर ड्रायव्हर होते, आई अंगणवाडीत. दोघांनी मला इंग्रजी माध्यमात घातलं. शाळेत एक भाषा, घरी दुसरी, आणि दोन्हीकडे काहीतरी चुकेल ही धास्ती. त्यामुळे मी कमी बोलायला शिकले. इंजिनिअरिंग झाल्यावर मैत्रिणी कल्याण-मुंबईकडे गेल्या. मी किन्हवलीवरून दोन एसट्या बदलत मुरबाडला जाऊ लागले, कारण त्या शेडमध्ये दिवसभर कोणी माझ्याशी बोललं नाही तरी चालत असे.

काम काय, ते थोडं सांगते. पंखा बनवणारी कंपनी त्याचा तक्ता देते: इतका वेग, पात्यांचा इतका कोन, तर इतका जोर. पण त्यांना पंखा विकायचा असतो, म्हणून जोर शून्यावर आला की तक्ता संपतो. इंजिन बंद झाल्यावर जे होतं, ते सगळं शून्याच्या पलीकडे असतं. तिथे आकडे नव्हते. ते मला पात्याचे तुकडे कल्पून, एकेका तुकड्यावर वारा कसा येईल ते मांडून काढावे लागले.

एक गोष्ट मात्र मला आकड्यांत दिसत होती आणि डोक्यात शिरत नव्हती. फिरणारा पंखा थांबलेल्यापेक्षा जास्त का अडवतो? मोकळं फिरू दिलं तर अडथळा कमी व्हायला हवा ना? एका रविवारी जेवताना मी हे बाबांना विचारलं. विमानाबद्दल बाबांना काही विचारायची ती पहिलीच वेळ.

"माळशेज उतरताना आमी गाडी न्यूट्रल करतो का?" बाबांनी उलट विचारलं.

"नाही."

"का नाय? गिअरात ठेवली, अॅक्सिलेटर सोडला, तं गाडी धरून राहते. आता इंजिन तिला पलवत नाय, चाकंच इंजिनाला फिरवतात. थंड लोखंड फिरवायचं म्हंजे जोर लागतो. तो जोर कोनाचा जातो गो? गाडीचाच ना?"

"म्हणजे विमान बंद इंजिनाला फिरवतं."

"आनि वारा त्याचं चाक. एवढं शिकलीस नि मला विचारतेस!" बाबा आईकडे बघून म्हणाले. "फी परत मागाया पायजे."

इतकंच होतं ते. विमानाच्या गतीतून वारा पंखा फिरवतो, पंखा मेलेलं इंजिन फिरवतो, आणि त्याची किंमत विमान आपल्या गतीतून, नाहीतर उंचीतून, भरतं. यावर उपायही बाबा घाटात टाळतात त्या न्यूट्रलसारखाच आहे. वैमानिकाने एक दांडा मागे ओढला की पंख्याची पाती वळतात आणि वाऱ्याला धार दाखवतात. पावसात इरलं घेऊन बांधावरून चालणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. इरलं वाऱ्याला आडवं धरलं तर माणूस मागे रेटला जातो, कड वाऱ्याकडे केली तर निभावतं. पाती अशी वळवण्याला फेदर करणं म्हणतात. फेदर केलं की पंखा थांबतो, मागे खेचणारी ओढ जवळजवळ जाते आणि विमान एका इंजिनावर हळूहळू का होईना, चढतं. नाही केलं तर चढत नाही, उतरतं. जमिनीपासून दोनशे फुटांवर असाल तर विचार करायला वेळ नसतो.

आमच्याकडे विमान चालवता कोणालाच येत नव्हतं, म्हणून चाचणीला हरीमामा बसायचे. हरीमामा धसईच्या वरच्या पाड्यातले, फॅब्रिकेशनचं काम करणारे. ते नाक त्यांनीच प्लायवूड आणि पत्र्यातून उभं केलं होतं. हात इतका स्थिर की काटा हलायचा नाही. मी डावं इंजिन बंद करायचे आणि ते झुंजत राहायचे.

"बाय गो, तुझं विमान परत पडलं," ते आतून ओरडायचे. "माझी खुर्ची तेवढी शाबूत हाय."

"मामा, दांडा ओढला नाहीत."

"मुद्दामच नाय ओढला. बघत व्हतो. ह्ये तं मागनं कोन तरी शेपूट धरल्यागत करतंय."

ते ऐकून मी वहीत तारीख लिहिली. माझा आकडा बरोबर आला होता. विमानाच्या पुस्तिकेत एका ओळीत हेच लिहिलेलं होतं, की पंखा फिरता ठेवून एका इंजिनावर विमान उंची राखत नाही.

यंत्र बघायला गावची माणसं यायची. एकदा एक पुढारी चार माणसं घेऊन आले. इंजिन बंद करून दाखवा म्हणाले. मी केलं. पडद्यावर डावीकडचा पंखा फिरतच होता. ते हसले आणि बरोबरच्यांना म्हणाले, "चालू आहे की! बाईंना वाटलं, आपल्याला कळत नाही." सगळे हसले. मी समजावायला हवं होतं. मी मान खाली घालून इंजिन पुन्हा चालू केलं. तेव्हा ते गमतीत गेलं.

मग ग्राहकाचे कॅप्टन आले. लांबच्या एका वैमानिक शाळेने यंत्राची मागणी दिली होती आणि तिथले मुख्य शिक्षक यंत्र पसंत करायला आले होते. वय साठीच्या आसपास, बोलणं मोजकं, मूळचे विदर्भातले. दोन दिवस त्यांनी सगळं तपासलं. करारात लिहिलेल्या चाचण्या उत्तम झाल्या. एका इंजिनावर चढण्याची चाचणीही झाली, पण ती पाती वळवल्यानंतरची होती. पाती न वळवता काय होतं, याची चाचणी करारात नव्हतीच. ती त्यांनी शेवटी स्वतःहून केली. इंजिन बंद केलं, दांड्याला हात लावला नाही, आणि विमान खाली जाऊ लागलं.

"हे जड आहे," ते म्हणाले. "माझं विमान असं नाही उडत."

कंपनीचे मालक सबनीस सर माझ्याकडे वळले. "सुजाता, फीलमध्ये बघ जरा."

फील ही आमच्या धंद्यातली एक रीत आहे. सगळ्या गणिताच्या शेवटी एक छोटी फाइल असते. वैमानिक म्हणाला सुकाणू हलकं वाटतं, तर त्यात एक आकडा बदलायचा; म्हणाला नाक जड वाटतं, तर दुसरा. गणित तसंच राहतं, वैमानिक खूश होतो. पुष्कळदा वैमानिकाचंच बरोबर असतं, म्हणून ही रीत टिकली आहे.

पण या वेळी त्यांचं बरोबर नव्हतं, आणि का नव्हतं तेही मला वाचून माहीत होतं. खऱ्या विमानात शिकवताना इंजिन पूर्ण बंद करून ठेवत नाहीत. विद्यार्थ्याने योग्य दांडा दाखवला की शिक्षक त्या इंजिनाला एवढाच जोर देतो की पंखा ओढतही नाही आणि अडवतही नाही. तीस वर्षं कॅप्टननी तेच शिकवलं होतं. बंद इंजिनाचं विमान म्हणून त्यांच्या हातांना जे आठवत होतं, ते पाती वळवलेलं विमान होतं. फिरत्या पंख्याची ओढ त्यांनी दोन-चार सेकंदांपलीकडे कधी अनुभवलीच नव्हती.

हे एवढं मला मराठीत, इंग्रजीत, कशातही सांगता आलं असतं. मी सरांना बाजूला घेऊन इतकंच म्हटलं, "सर, पुस्तिकेप्रमाणे बरोबर आहे."

"अगं, ते तीस वर्षं विमान उडवतायत. तू कधी बसलीयस विमानात?"

बसले नव्हते. मी फीलच्या फाइलमध्ये, फिरत्या पंख्याच्या ओढीपुढे, ०.४ हा गुणक टाकला. म्हणजे माझ्या गणिताने शंभर म्हटलं तर यंत्र चाळीस धरणार. कॅप्टननी पुन्हा उडवलं. विमान पाती न वळवताच हळूहळू चढू लागलं. "आता कसं!" ते म्हणाले आणि सही केली. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. हरीमामा नंतर एकदा आत बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, "सोडलंनी शेपूट." 

पाच महिन्यांनी शाळेत यंत्राचा एक पडदा बदलायचा होता, म्हणून मला पाठवलं. तिथे मी पहिल्यांदा ते विमान प्रत्यक्षात पाहिलं. वाटलं होतं त्यापेक्षा लहान होतं. पडदा लागल्यावर कॅप्टन म्हणाले, थांबा, एक तास बघा, काही अडलं तर सांगाल. मी मागच्या कन्सोलपाशी बसले. कन्सोल म्हणजे शिक्षक जिथून बिघाड घालतो ते टेबल. खुर्चीत मेघना नावाची विद्यार्थिनी होती, पुण्याची, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. उड्डाण झालं, चाकं आत गेली आणि कॅप्टननी डावं इंजिन बंद केलं.

मेघनाने नाक सरळ धरलं. मग तिने शांतपणे, इंजिन गेल्यावर काय काय करायचं त्या यादीचं पुस्तक काढलं, पान उलगडलं आणि मोठ्याने एकेक ओळ वाचायला लागली. इंधन बघितलं. स्विच बघितले. डावीकडचा पंखा फिरतच होता आणि विमान चढत होतं. पाऊण मिनिटाने तिने पाती वळवली.

"छान," कॅप्टन म्हणाले. "घाई नाही. यादी वाचूनच करायचं. विमान उडत राहतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या यंत्राचा हा फायदा झाला बघा. आधी पोरं घाबरून भलताच दांडा ओढायची."

मेघना खाली उतरली. "मॅडम, तुम्ही बनवलं हे? भारी आहे. उद्या सकाळी खऱ्या विमानात आहे मी."

मी हसले असेन. मला आठवत नाही. पाऊण मिनिट. माझ्या गणिताने त्या पाऊण मिनिटात ते विमान झाडांत गेलं असतं. खऱ्या विमानात कॅप्टन शेजारी असतील, उद्या काही होणार नाही, हे मला कळत होतं. पण ते शेजारी नसतील असा दिवसही येणार होता, आणि तिचे हात तेव्हा हेच करणार होते.

मी बाहेर जाऊन सबनीस सरांना फोन लावला.

"सही झालेली आहे, सुजाता," सर म्हणाले. "आता हात लावलास तर सगळी तपासणी पुन्हा. तू परत ये, आपण बसून नीट ठरवू."

"सर, ती उद्या जाणार आहे."

"कॅप्टन असतात ना बरोबर? त्यांना न दुखवता मी बोलतो पुढच्या महिन्यात. तू तिथे काही बोलू नकोस."

काही बोलू नकोस, हे मला आयुष्यात कोणी सांगायची गरजच पडली नव्हती. मी विमानं ठेवायच्या हँगरच्या सावलीत थोडा वेळ उभी राहिले. मग आत जाऊन फीलची फाइल उघडली आणि ०.४ चा १ केला. सगळे जेवायला गेले होते. कॅप्टन परत आल्यावर मी म्हटलं, "सर, एकदा तुम्ही उडवाल? मेघनाने केलं तसंच. दांडा लगेच ओढू नका."

ते बसले. मी इंजिन बंद केलं. त्यांनी नाक सरळ धरलं, यादी काढली. तिसऱ्या ओळीपर्यंत वेग कमी झाला होता. त्यांनी पुस्तक टाकलं, पण तोवर पडद्यावरची शेतं वर आली होती. पडदा लाल झाला. मेघना दारात उभी राहून बघत होती.

"काय केलंत तुम्ही?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. पुस्तिकेतली ओळ, तक्ता, त्यांच्या सवयीचं कारण, ०.४ चा आकडा, सगळं. मध्ये दोनदा अडखळले. त्यांनी पुन्हा उडवलं, पाती लगेच वळवून. विमान चढलं. तिसऱ्यांदा न वळवता. पुन्हा पडलं. मग ते खुर्चीतूनच माझ्याकडे वळले.

"तेव्हा का नाही बोललात?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर बरं झालं असतं.

 मी लाजाळू आहे, हे उत्तर होत नाही. विमानात कधी बसले नव्हते, हेही नाही. पंख्याच्या बाबतीत मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं आणि ते मला माहीत आहे, हेसुद्धा मला माहीत होतं.

नोकरीचं काय झालं, ते इथेच सांगते. सबनीस सर ओरडले नाहीत. त्यांनी मला ग्राहकांसमोर पाठवणं थांबवलं आणि पुढच्या वर्षी मी दुसरीकडे लागले. आताही याच धंद्यात आहे. फीलची फाइल आमच्याकडेही आहे. तिच्यात आकडा बदलण्याआधी मी वैमानिकाला पुस्तिकेचं पान दाखवते आणि पुढ्यात बसून राहते. काहीजण चिडतात. मुरबाडला जाणं आता होत नाही.

पण त्या दिवशी दुपारी कॅप्टननी मेघनाचं उद्याचं उड्डाण रद्द केलं आणि यंत्राच्या वापराचं रजिस्टर मागवलं. पाच महिन्यांत नऊजण त्यावर शिकले होते. मेघना धरून चारजण शाळेतच होते, पाच बाहेर पडले होते. त्या पाचांना कॅप्टननी स्वतः फोन लावले. मी समोर बसून नंबर काढून देत होते. ते प्रत्येकाला एकच सांगत: "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. इंजिन गेलं की आधी नाक आणि वेग सांभाळायचा, लगेच पाती वळवायची, यादी मग. मागे आपण केलं तसं नाही करायचं." यंत्राचं किंवा माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. मी शिकवलं, एवढंच म्हणत होते. मला ते ऐकत बसणं कठीण जात होतं.

दोघं अजून नोकरीच्या शोधात घरीच होते. एक जण वडिलांचं दुकान बघत होता. चौथी परदेशी, अभ्यासाला. पाचवा प्रशांत. तो एका खासगी कंपनीत दोन इंजिनांच्या विमानावर लागलाही होता. फोन त्याच्या आईने उचलला.

"सकाळीच गेलाय हो ड्यूटीवर. संध्याकाळपर्यंत येईल. काही निरोप?"

"आल्याबरोबर फोन करायला सांगा," कॅप्टन म्हणाले.

मग आम्ही थांबलो. चहा आला आणि तसाच राहिला. कॅप्टननी दोनदा घड्याळ पाहिलं आणि दोन्ही वेळा खिडकीकडे. बाहेर वारा बऱ्यापैकी होता. उभ्या विमानाचे पंखे बांधून ठेवलेले होते, नाहीतर तेही वाऱ्याबरोबर हलले असते. माझी परतीची गाडी चुकणार हे मला दिसत होतं, पण मी उठले नाही, आणि त्यांनीही उठायला सांगितलं नाही. प्रशांत आज कुठे गेला असेल, विमानात किती माणसं असतील, हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

साडेपाचला फोन वाजला. कॅप्टननी नाव ऐकलं आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "प्रशांत, एक मिनिट. हे ज्यांना नीट माहीत आहे, त्याच सांगतील." आणि त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

मी माझं नाव सांगितलं. यंत्राचं गणित मी केलं होतं, असं सांगितलं. त्यात एक आकडा खोटा होता आणि तो मीच टाकला होता, हेही सांगितलं. मग बंद इंजिनाचा पंखा काय करतो आणि त्याने काय करायचं, ते सांगितलं. मी भराभर बोलत होते, थांबले तर पुन्हा सुरू करता येणार नाही अशी भीती होती.

 पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मॅडम, पुन्हा पहिल्यापासून सांगा," तो म्हणाला. "जरा सावकाश. मी लिहून घेतोय."

मी पहिल्यापासून सांगितलं. सावकाश.